उलटं प्रोटीन, सुलटी साखर

रास अल खोर, दुबई
मंगळवार, २२ फेब्रुवारी २०००

श्रीमान भिकाजीराव रेडीज, निवृत्त बँक अधिकारी, पुणे, यांच्या सेवेशी,

मुनीर सारंगचा सलाम, नमस्कार आणि वर जे काही लागत असेल ते सगळं. तू साहेब होऊन निवृत्त झालास म्हणून पहिल्या ओळीत श्रीमान लिहिलं, तेवढ्यावर समाधान मान. इथून खाली तू भिक्याच. तुझा डावा गुडघा, वहिनींचं ब्लडप्रेशर आणि तुमच्या नव्या फ्लॅटमधली ती जुनी गळती, या तिघांची तब्येत कशी आहे ते सविस्तर कळव. आमच्याकडे शहनाझ ठणठणीत आहे, त्यामुळे मी जरा बेतानेच वागतो. माझं म्हणशील तर डॉक्टरने गोड बंद केलंय आणि नेमका याच वर्षी घरात आणि वर्कशॉपमध्ये साखर सोडून दुसरा विषय राहिलेला नाही. तीच हकिगत सांगायला बसलोय.

फोन का केला नाही असं तू विचारशील. अरे मेल्या, फोनवर पहिली दोन मिनिटं तू ‘हॅलो, हॅलो, येतंय का ऐकू?’ यातच घालवतोस. मिनिटाला पाच दिरहम, म्हणजे साठ रुपये. एकशेवीस रुपयांचं हॅलो मला परवडतं, पण ऐकवत नाही. म्हणून हे पत्र आमच्या कमरुद्दीनच्या हाती पाठवतोय, तो उद्या मुंबईला चाललाय. (तो वाटेत उघडून वाचील. पण वाचून झाल्यावर नीट चिकटवतो, एवढा भरवशाचा माणूस आहे.)

आमची यम्ना तुला आठवत असेल. तू पाहिलीस तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती आणि तुझ्या चष्म्याला हात घालत होती. ती आता एम.एस्सी. झाली, मुंबईला होस्टेलवर राहून, पहिल्या वर्गात. परत आली आणि इथल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये लागली. तिथे ती दिवसभर दुसऱ्यांच्या लघवीत साखर शोधायची आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर जंतूंच्या पोटातली साखर बघायची. मी एकदा म्हटलं, बेटा, एका शिफ्टमध्ये एकाचीच बघ. तर म्हणाली, “पप्पा, यू वोन्ट गेट इट.” भिक्या, मी या शहरात शिडीवर चढून ब्रशने अरबी पाट्या रंगवल्या, एक अक्षर वाचता येत नसताना. जे कळत नाही ते हुबेहूब उतरवायचं, या एका अकलेवर माझं वर्कशॉप उभं आहे. मला कुणी ‘तुम्हाला नाही कळणार’ म्हटलं की मी खुर्ची ओढून बसतो. बसलो.

तर ऐक. यम्नाचं जे प्रोटीन आहे ते एका साध्या जंतूत असतं, तुझ्या-माझ्या आतड्यात राहणाऱ्या. या जंतूच्या घराला दोन भिंती आणि मध्ये एक चिंचोळी बोळ. बाहेरच्या भिंतीला भोकं असतात, त्यातून साखर बोळीत येते. (चहातली साखर नव्हे. भाकरीचा तुकडा खूप वेळ चघळलास की तोंडात जी गोडी उतरते, ती. तिचं नाव माल्टोज.) आतल्या भिंतीला मात्र दार आहे आणि ते दार सुट्या साखरेला विचारत नाही. तिथे हे प्रोटीन कामाला येतं. त्याचे दोन भाग, मध्ये बिजागरी, आपल्या खाडीतल्या तिसरी शिंपल्यासारखं. साखर खाचेत नीट बसली की दोन्ही शिंपा तिच्यावर मिटतात. मिटलेलं प्रोटीन आतल्या दाराशी जातं, दार त्याला ओळखतं, साखर आत घेतं आणि हे पुन्हा उघडं होऊन बोळीत फिरायला मोकळं. मी यम्नाला म्हटलं, एवढंच ना? हा तर आमचा पीआरओ. आमच्याकडे प्रत्येक कंपनीत असतो. लोकांचे पासपोर्ट गोळा करतो, मुठीत घट्ट धरतो, सरकारी खिडकीशी नेतो. कागद आत जातात, तो बाहेरच राहतो आणि रिकाम्या हाताने परत पुढच्याचा पासपोर्ट मागायला येतो. यम्ना कॉम्प्युटरवरून वळली आणि म्हणाली, “दॅट्स ॲक्च्युअली करेक्ट.” त्या दिवसापासून घरात माझा थोडा भाव वाढला. बिल्डिंगमधल्या बायकांना मात्र अजून वाटतं की पोरगी डायबेटिसवर औषध काढतेय. दोघी-तिघी तर रिपोर्टच घेऊन येतात. शहनाझ त्यांना बसवून शिरकुर्मा खाऊ घालते.

आता मुद्दा. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत डॉक्टर कुंदा खरे म्हणून बाई आहेत, प्रोटीनच्या आकारातल्या मोठ्या जाणकार. त्यांच्या लॅबमध्ये पीएच.डी.ची एकच जागा रिकामी होती. अर्ज किती आले होते ते विचारू नकोस, यम्नाने सांगितलं तेव्हा मला दुपारचं जेवण गेलं नाही. आणि नेमक्या त्याच बाई इथल्या मराठी मंडळाच्या बोलावण्यावरून दुबईतल्याच ऊद मेथाच्या हॉलमध्ये व्याख्यान द्यायला येणार होत्या. मंडळाचे सेक्रेटरी उपेंद्र करमरकर (हा माणूस मराठी बोलतो तेव्हाही फाइल उघडल्यासारखा बोलतो) यम्नाला म्हणाले, “तू हॉलच्या लॉबीत काहीतरी डिस्प्ले कर. मॅडम आत जाताना दहा मिनिटं थांबतील. मी को-ऑर्डिनेट करतो.” यम्नाने ठरवलं, भिंतीला एक पोस्टर लावू. मी म्हटलं, पोस्टर? सारंगच्या मुलीचं पोस्टर? तुझा बाप पेट्रोल पंपांवर रात्री विमानातून दिसतील असे बोर्ड उभे करतो आणि तू कागद चिकटवणार? तुझं प्रोटीन मी करून देतो, माणसाच्या उंचीचं. बिजागरीसकट. साखर घातली की मिटलं पाहिजे, खलास.

ती नको म्हणत होती. हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो, कारण पुढे शहनाझने तेच वाक्य मला रोज ऐकवलंय.

यम्नाने कॉम्प्युटरमधून मोठमोठे कागद छापून दिले. ते प्रोटीन म्हणजे एकच लांब दोरी, पण तिची घडी अशी पडते की काही ठिकाणी स्प्रिंगसारखी चक्री होते आणि काही ठिकाणी चपट्या पट्ट्या शेजारी शेजारी बसतात. चक्र्यांना आम्ही वाकवलेला पाइप घेतला, पट्ट्यांना ॲल्युमिनियम. कोणती चक्री किती पुढे, कोणती किती मागे, याचे आकडे तिने कागदावरच लिहिले होते. सगळ्या चक्र्यांचा पीळ एकाच बाजूचा, बाजारातल्या स्क्रूसारखा उजवा, हेही तिने तोंडी सांगितलं होतं. मी मान हलवली होती. खाचेत छोट्या खुंट्या होत्या, साखरेला धरायला. आणि साखर मात्र यम्नाने स्वतः घरी डायनिंग टेबलवर केली, लाल ॲक्रिलिकची, दोन षटकोन जोडून, वरखाली दांडे बाहेर आलेले. तिला म्हटलं तीही वर्कशॉपमध्ये करू, तर म्हणाली, “नो पप्पा. शुगर इज माइन.” मूल पदरात मागायचं तर असं मागावं, भिक्या. आईबापावर शंभर टक्के विश्वास टाकत नाही.

आता आमच्या धंद्याची एक खुबी तुला सांगितली पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. इथल्या उन्हात अक्षर बोर्डाच्या बाहेरून चिकटवलं तर दोन उन्हाळ्यांत ते पांढरं पडतं. म्हणून आम्ही पारदर्शक ॲक्रिलिक घेतो आणि अक्षर आतल्या बाजूने चिकटवतो. आतून चिकटवायचं म्हणजे कापायचं उलटं, आरशात दिसतं तसं. मग समोरून बघणाऱ्याला सुलटं दिसतं आणि उन्हाला त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. आमचा किसन हे काम इतकी वर्षं करतोय की त्याच्या हातात कुठलाही कागद द्या, तो आधी उलटा करतो आणि मग काय आहे ते बघतो. (भाचीच्या लग्नाची पत्रिका आली, ती त्याने ट्यूबलाइटसमोर मागून धरून वाचली आणि म्हणाला, मुलगा चांगल्या घरचा दिसतोय.) संगमेश्वरकडचा माणूस, शब्दाला पक्का, हाताला त्याहून पक्का. त्याने यम्नाचे सगळे कागद उलटे केले आणि कामाला लागला. पुढे-मागेचे आकडे जसेच्या तसे ठेवले, डावं-उजवं तेवढं बदललं. कागद उलटल्यावर चक्र्यांचा पीळही उलटा दिसला, तसाच त्याने पाइपला दिला. कुठे अर्ध्या मिलिमीटरची बेइमानी नाही. इतकं प्रामाणिकपणे चुकलेलं काम मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही.

आणि हे माझ्या लक्षात का आलं नाही? कारण मीही आमच्याच वर्कशॉपचा. मला ते उलटं असणंच सुलटं वाटत होतं. यम्ना दोनदा म्हणाली, पप्पा, मी येऊन चेक करते. मी म्हटलं, यल्ला, चल, तू ड्यूटीवर जा, सरप्राइज आहे. भिक्या, बापाने मुलीला सरप्राइज देऊ नये. द्यायचंच तर पैसे द्यावे.

शुक्रवारी दुपारी आम्ही ते प्रोटीन पिकअपमध्ये आडवं घालून ऊद मेथाला नेलं. वर ताडपत्री, ताडपत्रीबाहेर दोन चक्र्या. पिकअप हमदुल्लाची. हा पेशावरकडचा धिप्पाड पठाण, आमचा ड्रायव्हर, आणि कुठलीही वस्तू नेताना तिची चौकशी करण्याची त्याला सवय आहे. सिग्नलला शेजारच्या गाडीतून एका अरबाने काच खाली करून विचारलं, हे काय आहे? हमदुल्ला म्हणाला, “हबीबी, ये जरासीम का मुंह है.” जंतूचं तोंड. काच ताबडतोब वर गेली.

लॉबीत ते उभं केलं आणि खरं सांगतो, माझा ऊर भरून आला. निळ्या चक्र्या, पिवळ्या पट्ट्या, मधोमध खाच, बिजागरीला तेल दिलेलं, खाचेत आत खटका, की साखर पूर्ण बसली की दोन्ही भाग आपोआप मिटावेत. उपेंद्र म्हणाले, “वॉव, सारंगसाहेब, व्हेरी प्रोफेशनल.” मग यम्ना आली. तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेली लाल साखर काढली आणि खाचेत ठेवली. बसली नाही. थोडी फिरवली. नाही बसली. पालथी केली. एका बाजूच्या खुंट्या लागल्या तर दुसऱ्या बाजूचे दांडे हवेत. आता आमच्या धंद्यात भोक जुळलं नाही तर त्यावर दोनच इलाज: नवं भोक पाडा, नाहीतर वस्तू घासा. किसनने एका हातात ड्रिल घेतलं, दुसऱ्या हातात कानस. म्हणाला, “ताई, साखर जराशी घासू का? दोन मिनिटांचं काम. कुणाला कळणारसुद्धा नाही.”

यम्ना किंचाळली. तिने कानस धरलेला त्याचा हात वरच्यावर पकडला. मग तशीच थांबली, मॉडेलकडे बघत. किसनच्या डब्यातला एक स्क्रू उचलला आणि निळ्या चक्रीशेजारी धरला. स्क्रूचा पीळ एकीकडे, चक्रीचा दुसरीकडे. तिने दुसरी चक्री पाहिली, तिसरी पाहिली. चेहरा उतरला. मुलगी मराठीत आली, म्हणजे प्रकरण गंभीर. म्हणाली, “पप्पा, हे सगळंच्या सगळं उलटं आहे. आरशातलं आहे.”

मी म्हटलं, एवढंच? मग फिरवू की. तोंड भिंतीकडे, पाठ लोकांकडे. तिने पायातली उजवी चप्पल काढली आणि माझ्यापुढे धरली. “ही कशीही फिरवा पप्पा, डाव्या पायात जाईल का?” हमदुल्लाने खात्री करून घेण्यासाठी स्वतःची चप्पल काढून बघितली आणि गंभीरपणे “नहीं जाती” असा निकाल दिला. आता या प्रोटीनमध्ये साखर बसणारच नव्हती, कारण देवाने साखर एकाच हाताची केली आहे आणि आम्ही प्रोटीन दुसऱ्या हाताचं केलं. असं प्रोटीन घेऊन जन्मलेला जंतू गुळाच्या ढेपीत बसून उपाशी मरेल. यम्ना म्हणाली, “शी’ल नो इन टू सेकंड्स,” आणि तोंड धुवायला गेली. पाणी बराच वेळ वाहत होतं. माझे कान तिखट आहेत, हे तुला माहीत आहे. पाण्याखालचंही ऐकू आलं.

त्या वेळी मला काय वाटलं ते लिहीत नाही, तू बँकेतला माणूस, तुला तोटा कळतो.

तेवढ्यात हमदुल्ला म्हणाला, “साब, उल्टा है तो शीशा दिखा दो, सीधा हो जाएगा.” भिक्या, पिकअपमध्ये आरशाच्या ॲक्रिलिकचा अख्खा पत्रा पडलेला होता, एका सलूनच्या ऑर्डरचा. आम्ही लॉबीचा पडदा ओढून मॉडेल त्याच्या मागे घातलं आणि तिरकस बाजूला हा पत्रा उभा केला, असा की येणाऱ्याला मॉडेल न दिसता फक्त आरशातलं दिसावं. आणि काय सांगू! एकदम सुलटं. स्क्रू धरून पाहिला, पीळ जुळला. पण किसनने मॉडेलवर नावाची पट्टी लावली होती, तिची अक्षरं आता उलटी दिसायला लागली. त्याला मी म्हणणार तेवढ्यात त्याने कटर काढून उलटी अक्षरं कापायला सुरुवातही केली होती. आयुष्यभराचं पुण्य असं एका दिवशी कामी येतं. फक्त एकच अडचण. ॲक्रिलिकचा पत्रा लवचिक, स्टँड नव्हता, म्हणून तो हमदुल्लाने मागून हातांनी धरला. मी आणि किसन पडद्यामागे मॉडेलला टेकून. यम्ना परत आली, तिने आरसा पाहिला, पडद्याखालून आणि आरशाखालून आमचे सहा पाय पाहिले, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि उपेंद्र धावत आले: “मॅडम पार्किंगमध्ये आहेत!”

पुढचं मी पाहिलेलं नाही, फक्त ऐकलंय. पण माझं ऐकणं म्हणजे इतरांचं दोन डोळ्यांनी पाहणं. बाईंचे बूट टकटक आले आणि थांबले. यम्नाने सांगायला सुरुवात केली. सुरुवातीला आवाज पातळ होता, मग लागला. दोन भिंती, बोळ, बिजागरी, साखर कशी दोन्ही बाजूंनी धरली जाते, खाचेतली कुठली कड तिच्या अंगाला लागते. (पीआरओसुद्धा आला. माझं नाव न घेता.) मी पडद्यामागे किसनला कोपर मारत होतो. तेवढ्यात बाई म्हणाल्या, “हे थरथरतंय का?” हमदुल्लाचे हात भरून आले होते, आरसा हलत होता आणि आरशातलं प्रोटीन थंडी वाजल्यासारखं कापत होतं. उपेंद्रने तत्काळ खुलासा केला, “मॅडम, मोशन इफेक्ट आहे.” बाई म्हणाल्या, “छान. खरं प्रोटीनही सतत हलतच असतं.” मी देवाचे आभार मानले. जरा लवकर मानले. कारण पुढचं वाक्य आलं, “बरं, साखर द्या बघू. बसते कशी ते बघू.”

भिक्या, ती एक जागा माझ्या डोळ्यांसमोरून चालत दाराबाहेर गेली. मी मनात खोटं तयार करत होतो: खटका बिघडलाय, साखर घरी राहिली, आग लागलीय. (बिल्डिंगचा फायर अलार्म कुठे असतो ते मी पाट्या लावून लावून पाठ केलंय.) मी हात लांब करणार, तोच पडदा सर्रकन बाजूला झाला. यम्नानेच ओढला.

चित्र डोळ्यांसमोर आण. मी मॉडेलच्या बिजागरीत शर्टाची बाही अडकवून उभा. किसन पाठीमागे कानस लपवतोय. हमदुल्ला आरसा डोक्यावर घेऊन, छत्री धरल्यासारखा. आणि मध्ये ते उलटं प्रोटीन. यम्ना म्हणाली, “मॅडम, मॉडेल चुकलंय. आरशातलं झालंय. यात माल्टोज बसणार नाही. इट्स द राँग हँड.” माझ्याकडे बोटसुद्धा केलं नाही. बाईंनी चष्मा वर केला, आमच्या तिघांकडे तीन नमुन्यांकडे बघावं तसं बघितलं आणि तिला विचारलं, “कधी कळलं?”

“साखर बसली नाही तेव्हा.”

“मग साखर चुकली असेल. ती दुरुस्त करायची.”

“साखर बरोबर आहे, मॅडम. ती मी केलीय. परत परत तपासलीय.”

“यांनी सुचवलं असेल की थोडी घासू या म्हणून,” बाई किसनच्या मागच्या हाताकडे बघत म्हणाल्या. किसनने कानस खिशात घालायचा प्रयत्न केला. ती खिशात मावत नाही.

“हो. मी नको म्हटलं.”

मग बाई हसल्या. मोठ्याने नाही, नाकातून, पुण्यात हसतात तसं. म्हणाल्या, “आमच्याकडे एम.एस्सी.-पीएच.डी. झालेली माणसं साखर घासून बसवतात आणि मॉडेल जुळलं म्हणून पेपर छापतात. निस्तरायला मला दोन वर्षं लागतात.” आणि यम्नाला विचारलं, या उलट्या प्रोटीनला मग कुठली साखर बसेल? ती म्हणाली, आरशातली. निसर्गात ती नसते, करावी लागेल. बाईंनी आणखी काहीबाही विचारलं, ते सगळं इंग्रजीत आणि इतकं बारीक की मीसुद्धा नुसतं उतरवूनच घेऊ शकलो असतो. शेवटी उपेंद्र घड्याळ दाखवायला लागले तेव्हा बाई वळल्या आणि जाताजाता म्हणाल्या, “मार्चच्या मध्यापासून यायला जमेल? उन्हाळ्यात लॅब रिकामी असते, काम होतं.” मग मला म्हणाल्या, “आणि तुम्ही हे मोडू नका हं. वर्गात शिकवायला इतकं उत्तम चुकलेलं मॉडेल विकत मिळत नाही. पुण्याला पाठवाल?”

भिक्या, मला आयुष्यात पुष्कळ ऑर्डरी मिळाल्या. ‘उत्तम चुकलेलं’ म्हणून मिळालेली ही पहिली. हमदुल्लाने आरसा खाली ठेवला आणि “मुबारक हो बेटी” म्हणून रडायला लागला. किसन अजून म्हणतो की साखरच जराशी मोठी होती.

तर अशी ही हकिगत. घरी शहनाझने शेजारच्या सगळ्या डायबेटिसवाल्यांना गोड वाटलं. मला एक पेढा मिळाला, तोही मोजून अर्धा. वहिनींना आमच्या दोघांचा सलाम सांग, गुडघ्याला गरम पाण्याने शेक आणि गळतीवाल्याला एकरकमी पैसे देऊ नकोस.

तुझा,
मुनीर

ता. क. : तुला एक छोटासा त्रास द्यायचा होता. बाईंच्या संस्थेचा जिना अरुंद आहे, मॉडेलला जागा करायला त्यांना थोडे दिवस लागतील म्हणतात. तोवर खोकं तुझ्या पत्त्यावर पाठवतोय. फार मोठं नाही, तुझ्या फ्रिजहून जरा उंच. वर ‘वरची बाजू’ असं लिहिलेलं असेल. किसनने लिहिलंय, म्हणून एकदा विचार करून उभं कर.

ता. क. २ : खोक्याआधी एक माणूसही येईल, अकरा मार्चला. यम्ना. होस्टेलची खोली तिला जूनमध्ये मिळणार. तोवर कुठेतरी सोय बघावी म्हणून मी इथून तीन घरमालकांना फोन लावले. पहिल्यांकडे खोली होती, हवेशीर होती, पाणी चोवीस तास होतं. मी नाव सांगितलं आणि तेवढ्यात त्यांचा भाचा नागपूरहून राहायला आला. दुसऱ्यांनी माझं बोलणं ऐकून ‘तुम्ही आमच्या कोकणातलेच की!’ म्हणत फार प्रेमाने चौकशी केली, सारंग म्हटल्यावर प्रेम आणखी वाढलं, मग मुलीचं नाव विचारलं आणि त्यांच्या खोलीला रंगकाम निघालं. तिसऱ्यांना मी नावच आधी सांगून टाकलं, दोघांचाही वेळ वाचला. यम्नाला यातलं काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. तुमची ती मागची खोली, मुलगा अमेरिकेला गेल्यापासून तिथे तुझी जुनी वर्तमानपत्रं राहतात. त्यांना तीन महिने दुसरीकडे हलवता येईल का? मुलगी शांत आहे, फक्त कॉम्प्युटर लावून फोनची लाइन अडवून ठेवते. मासे तिला लागतात, ते ती बाहेर खाईल. आणि तुला अवघड असेल तर सरळ नाही म्हण. भाच्याला नागपूरहून बोलावू नकोस.

ता. क. ३ : वरचं लिहून झालं आणि बोचायला लागलं, म्हणून सांगून टाकतो. रविवारी संध्याकाळी मी तुमच्याकडे फोन केला होता. तू भाजी आणायला गेला होतास. वहिनींना मी अर्धं वाक्य सांगितलं असेल. त्या म्हणाल्या, “तिला कोणता मासा आवडतो तेवढं शहनाझला विचारून कळवा.” सोमवारी पुन्हा फोन केला तर खोली झाडून झाली होती, पलंग लागला होता. (वर्तमानपत्रं शोधू नकोस, ती रद्दीत गेली.) शेवटी हळूच म्हणाल्या, “पण भावजी, ह्यांना विचारल्यासारखं करा हं. कुणी विचारलं नाही की महिनाभर गाल फुगवून बसतात. एक चांगलं लांबलचक पत्र लिहा.”

लिहिलं.